कॉफीची कुल्फी, बर्फ आणि आत्याबाईंचा नियम



गेल्या महिन्यात आमच्या सूनबाईंनी महिला मंडळाच्या बैठकीला कॉफीची कुल्फी करून आणली. दुपारी चारची वेळ, बाहेर ऊन रणरणतंय, सगळ्या खूश. तेवढ्यात एका काकूंनी विचारलं, "ही आपल्याला चालते का गं?" पाचजणींनी पाच उत्तरं दिली. एक म्हणाली अंडं नाही म्हणजे चालते. दुसरी म्हणाली बर्फ अभक्ष्यच. तिसरी म्हणाली, दुधाचा कुठं बर्फ असतो का? चौथीला कॉफीचीच शंका. पाचवीनं तोवर काडी चाटून पुसून ठेवली होती.

मी त्या वेळी गप्प बसले. या पदार्थाशी माझी एक जुनी चूक जोडलेली आहे आणि ती दोन वाक्यांत सांगण्यासारखी नव्हती. म्हणून आज सविस्तर लिहिते. आधी बर्फ आपल्याकडे कसा आला, कॉफी कशी आली, ते पाहू. मग चालतं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आधी बर्फाची गोष्ट

आपल्या देशात उन्हाळ्यात गार पाणी ही एके काळी राजेलोकांची चैन होती. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त पाणी गार करायची रीत लिहून ठेवली आहे. सोरा, म्हणजे दारूगोळ्यात वापरतात तो क्षार, पाण्यात विरघळवायचा आणि त्या पाण्यात पिण्याच्या पाण्याची बंद सुरई फिरवत राहायची. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो आणि सुरईतलं पाणी गार होतं. पुढे दरबार लाहोरकडे गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणवू लागले.

'कुल्फी' हा शब्दही त्याच काळातला, फारसीतून आलेला. मूळ अर्थ झाकण लावून बंद केलेलं भांडं. आपलं 'कुलूप' त्याच घराण्यातलं! आटवलेलं दूध साच्यात भरायचं, झाकण लावून कणकेनं सांध बंद करायची आणि साचा गार मिश्रणात पुरायचा. कणीक अशासाठी, की बाहेरचं खारट पाणी आत जाऊ नये. मला ही कणकेची युक्ती फार आवडते. कुणा तरी स्वयंपाकघरातल्या माणसालाच सुचलेली असणार.

साध्या माणसासाठी बर्फ बंगाल आणि अलाहाबादच्या बाजूला होत असे. थंडीत उथळ खड्डे खणून त्यात गवत, कडबा अंथरायचा, त्यावर मातीची पसरट भांडी ठेवून त्यात थोडं थोडं पाणी ओतायचं आणि रात्रभर उघड्यावर ठेवायचं. निरभ्र रात्री पाण्यावर पातळ पापुद्रा धरे. पहाटे माणसं तो गोळा करत. सर रॉबर्ट बार्कर यांनी ही पद्धत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली आणि 1775 साली ती छापून आली. हा बर्फ मातकट असे. पाणी रात्रभर उघडं, त्यात काय पडलं कुणी पाहिलं?

मग आला अमेरिकेचा बर्फ. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं थंडीत गोठलेल्या तळ्यांचा बर्फ करवतीनं कापून जहाजानं विकायला सुरुवात केली. 1833 च्या मे महिन्यात 'टस्कनी' नावाचं जहाज 180 टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालं आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं. चार महिने प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडायचं, तरी सुमारे 100 टन बर्फ शिल्लक होता. सगळी करामत लाकडाच्या भुशाची. भुसा नीट भरला की उष्णता आत शिरत नाही. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे माझं लक्ष आधी हिशेबाकडे जातं. तळ्यातलं पाणी फुकट, भुसा फुकट, आणि बोस्टनहून हिंदुस्थानात यायला जहाजांना पुरेसा माल नसायचाच. असा धंदा कोण सोडेल?

पुढच्याच वर्षी, 1834 मध्ये, हा बर्फ मुंबईला आला. गोदीजवळ त्यासाठी बर्फघर बांधलं. फोर्टात आज जिथं कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे तिथं ते होतं. मद्रासचं बर्फघर तर अजून उभं आहे, समुद्राकाठचं विवेकानंद हाऊस तेच. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या घरच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'नं दिली होती. आइस्क्रीम खाल्लं की सर्दी होते हे सांगणाऱ्या आज्या किती जुन्या ते पाहा!

त्याच 1834 साली याच जमशेटजींनी आणि आपल्या मोतीशा शेठांनी मिळून मुंबईची पांजरापोळ सुरू केली. मोतीशा शेठ म्हणजे भायखळ्याचं देरासर बांधणारे, जमशेटजींचे व्यापारातले साथीदार. इंग्रज सरकारच्या हुकमानं रस्त्यावरची मोकाट कुत्री मारली जात होती, त्यावरून मुंबईत दंगाही झाला होता. त्या मुक्या जिवांसाठी ही जागा झाली. एकाच शहरात, एकाच वर्षी एका घरात बर्फ आला आणि एका दारात जिवांना आसरा मिळाला. मला हे वाचून बरंच वाटलं. नवं घेताना जुनी दया सोडावी लागतेच असं नाही.

आता आपल्या पूर्वजांनी बर्फाला नाही का म्हटलं, ते इथं नीट कळतं. आपल्याकडे पाणी दुहेरी जाड फडक्यानं गाळून घ्यायचं आणि गाळल्यावर दोन घटकांत, म्हणजे 48 मिनिटांत वापरायचं. उकळलेलं पाणी 24 तास. गाळताना फडक्यावर राहिलेली जिवाणी परत त्याच विहिरीत, त्याच पाण्यात सोडायची. आमच्या आजीची दोरी बांधलेली ती छोटी बादली मला अजून आठवते. तिकडे अमेरिकेच्या तळ्यातलं पाणी कोणी गाळलं होतं? हेन्री डेव्हिड थोरो हा लेखक ज्या वॉल्डन तळ्याकाठी राहत होता, तिथं 1846-47 च्या थंडीत बर्फ कापायला शंभर मजूर आले होते. आपल्या तळ्याचं पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याची माणसं पितील, याचं त्याला अप्रूप वाटलं. त्या तळ्यातले मासे, शेवाळ, किडे आठवून आपल्या आज्यांना मात्र कसंसंच झालं असतं. शिवाय पाणी गोठवणं म्हणजे त्यातल्या जिवांना कोंडणं. आणि बर्फानं तहान तर भागत नाही, ती वाढते, असं मानलं जाई. म्हणजे हिंसा अधिक, लाभ थोडा. बर्फ आणि गारा अभक्ष्यात धरल्या त्या यासाठी.

पुढे यंत्राचा बर्फ आला. मद्रासला 1874 मध्ये आणि कलकत्त्याला 1878 मध्ये बर्फाच्या कंपन्या निघाल्या आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेचा बर्फ बंद पडला. तळं गेलं, नळ आला. आज्यांचा प्रश्न मात्र तोच राहिला: पाणी कुठलं?

संचा

आमच्या पिढीला आइस्क्रीम म्हटलं की आठवतो तो लाकडी संचा. मध्ये पत्र्याचा डबा, डब्यात लाकडी पंखा, वर फिरवायचा दांडा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. हा दांड्याचा संचा एका बाईनं शोधला हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी 1843 साली त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी भांडं बर्फात हातानं फिरवायचं, दर थोड्या वेळानं झाकण काढून कडेचं खरवडायचं. तासन् तास ते करून हात दुखले असणार, तेव्हाच हा दांडा सुचला.

मीठ कशाला घालायचं, हे मुलं नेहमी विचारतात. नुसता बर्फ शून्य अंशावर राहतो. पण दुधात साखर असल्यानं ते शून्यावर गोठत नाही, त्याला आणखी गार लागतं. मीठ घातलं की बर्फ वितळू लागतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि ते खारं पाणी शून्याच्या खाली, अगदी उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ हे आमचं घरचं प्रमाण.

माझं लग्न 1983 साली झालं. सासरी दर मे महिन्यात सगळी भाचरं, पुतणे जमले की एक दिवस संचा निघे. बर्फाच्या कारखान्यातून लादी पोत्यात गुंडाळून सायकलवर येई. ती पोत्यातच बडवून फोडायची. सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचो, स्वतः मोड्यावर बसून दांडा फिरवायच्या. मुलं दमली की त्या, त्या दमल्या की मुलं. मिश्रण कस्टर्ड पावडरचं. ही पावडरसुद्धा एका नवऱ्यानं बायकोसाठी केलेली. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे, म्हणून त्यांनी 1837 साली मक्याच्या पिठावर बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. तिकडे आइस्क्रीममध्ये अंड्याचा बलक घालायची रीत रूढ होती, आपल्या घरांची वाट या पावडरीनं मोकळी केली.

संचा उघडला की आत्याबाई सगळ्यांना वाढायच्या, पण स्वतः बोटभरही चाखायच्या नाहीत. 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना सुरू असताना त्या माहेरच्या माणसांबरोबर कुंथलगिरीला गेल्या होत्या. तिथं त्यांनी बर्फाचा आजन्म त्याग केला. तेव्हा त्या विशीच्या होत्या. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्यागाचे दोन प्रकार सांगितले आहेत: ठरावीक काळासाठी तो नियम, जन्मभरासाठी तो यम. आत्याबाई बोलताना 'माझा नियम' म्हणायच्या, पण तो यम होता.

आणि कॉफी

कॉफी आपल्याकडे बाबा बुदान यांनी आणली असं परंपरा सांगते. हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून त्यांनी चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. पुढे इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तिथं आणि कूर्गात मोठे मळे उभे केले. श्रवणबेळगोळ ज्या हासन जिल्ह्यात आहे, त्याच्या सकलेशपूरकडच्या भागात कॉफीचेच मळे आहेत. धर्मस्थळाला जाताना ज्या झाडांखालून आपली गाडी जाते, त्यांच्या सावलीत कॉफी वाढते.

कॉफी गोठवून खायची कल्पना युरोपातली. इटलीत, विशेषतः सिसिलीत, कॉफी, साखर आणि पाणी गोठवून खरवडतात, त्याला ग्रानिता म्हणतात. फ्रान्समध्ये एमी नावाच्या मिठाई करणाऱ्यानं 1768 साली फक्त आइस्क्रीमवर एक पुस्तक काढलं, त्यात कॉफीचं आइस्क्रीम आहे. म्हणजे हा प्रकार अडीचशे वर्षांहून जुना, मुलांना वाटतो तसा आजचा नाही.

मराठी घरात कॉफी आली ती जायफळ घेऊन. चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांची. मुलगी बघायला आले की कॉफी. आजारी माणसाला कॉफी. 1936 साली मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस निघालं, मग शहरातल्या पुरुषांना बाहेर बसून प्यायची सवय लागली, पण घरची कॉफी दूध, साखर, वेलची, जायफळ अशीच राहिली. मग झटपट विरघळणारी कॉफी आली. ती 1938 साली स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आली होती, आमच्या गावातल्या दुकानांत बऱ्याच वर्षांनी दिसू लागली. ती आली आणि कॉफीची कुल्फी घरी करणं सोपं झालं. डिकॉक्शन नको, गाळणं नको.

आत्याबाईंना कॉफी अतिशय प्रिय. सकाळी देवदर्शन करून आल्या की जायफळाची अर्धा कप कॉफी हे त्यांचं एकच व्यसन.

माझी चूक

1987 च्या उन्हाळ्यात आमच्याकडे फ्रिज आला. मी हौसेनं ॲल्युमिनियमचे कुल्फीचे साचे आणले. पहिल्यांदा केली ती कॉफीचीच कुल्फी, आत्याबाईंना आवडावी म्हणून. सगळ्यांनी खाल्ली. आत्याबाईंनी विचारलं, "यात बर्फ आहे का गं?"

मी म्हटलं, "नाही आत्याबाई, बर्फ कुठं? ना लादी आणली, ना मीठ घातलं. नुसतं दूध आणि कॉफी. फ्रिजमध्ये ठेवलं होतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि सगळं मिळून खोटं होतं. त्या काय विचारत आहेत ते मला कळलं होतं. गोठलेलं काही खायचं नाही, हा त्यांचा त्याग होता. पण नवं यंत्र, नवे साचे, पहिली कुल्फी आणि त्यांनी 'छान' म्हणावं ही हाव. त्यांनी खाल्ली. सावकाश, सगळी. छान झालीय म्हणाल्या. मी दिवसभर खुशीत होते.

पुढच्या चतुर्दशीला त्यांनी उपवास केला. एरवी त्या चतुर्दशीला एकाशन करायच्या, त्या दिवशी पाण्यावर राहिल्या. मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

हासनचं दुकान

1993 साली बाहुबलींच्या महामस्तकाभिषेकाला आम्ही श्रवणबेळगोळला गेलो. परतताना हासनला थांबलो. तिथं कॉफी भाजून, दळून देणारी दुकानं आहेत, रस्त्यावरच वास येतो. आत्याबाईंचं माहेर चिकोडीकडचं, कानडी उत्तम. त्या पुढं होऊन पाव किलो पूड मागू लागल्या. दुकानदारानं विचारलं, चिकोरी किती टक्के घालू?

"चिकोरी म्हणजे?"

त्यानं एक डबा उघडून तपकिरी पूड दाखवली आणि म्हणाला, 'बेरु'. मला कानडी येत नाही, पण आत्याबाईंचा चेहरा पाहिला आणि काहीतरी घडलं हे कळलं. बेरु म्हणजे मूळ. चिकोरी हे एका झाडाचं मूळ. ते वाळवून, भाजून, दळून कॉफीत घालतात.

या चिकोरीचाही इतिहास आहे. ती कॉफीत आली गरजेपोटी. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याला कॉफीवर परदेशात जाणारा पैसा खुपत होता. 1781 साली त्यानं घरोघरी कॉफी भाजायला बंदी घातली आणि चोरून भाजणाऱ्यांचा वास काढायला निवृत्त सैनिक नेमले. लोक चिकोरीकडे वळले. पुढे 1806 मध्ये नेपोलियननं इंग्लंडच्या मालाला युरोपची बंदरं बंद केली तेव्हा फ्रान्समध्येही कॉफी महाग झाली आणि चिकोरी घरोघर गेली. आपल्याकडे ती जामनगर आणि उत्तर प्रदेशात एटा भागात पिकते. स्वस्त असते, रंग गडद देते, कॉफीला दाटपणा आणि कडसरपणा देते. आपल्या कायद्यानुसार चिकोरी मिसळलेल्या पुडीत किमान 51 टक्के कॉफी हवी आणि प्रमाण वेष्टनावर छापावं लागतं.

मी घरी वापरत असलेल्या डब्यावरही ते छापलेलं होतं. मी कितीदा वाचलं होतं! चिकोरी हे कॉफीच्याच एखाद्या जातीचं नाव असेल असं मला वाटायचं. कधी कुणाला विचारलं नाही. कंदमूळ न खाणाऱ्या बाईला मी दहा वर्षं रोज सकाळी मूळ पाजत होते.

आत्याबाईंनी 'नुसती कॉफी, दुसरं काही नको' असं सांगून पाव किलो घेतली. बसमध्ये बसल्यावर थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या वर्षीची कुल्फी याच कॉफीची होती ना?"

मी हो म्हटलं. आणि मग मला राहवेना. मी बर्फाचंही सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "ते मला तेव्हाच कळलं होतं. जिभेवर ठेवल्यावर कळणारच ना. पहिल्या घासाला कळलं आणि तरी मी संपवली. ती माझी चूक. तू सांगितलंस ती तुझी. माझीचं मी तेव्हाच पाहिलं."

त्या चतुर्दशीच्या उपवासाचा अर्थ मला सहा वर्षांनी कळला. मी खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याची वडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि विषय संपवला. पुन्हा कधी काढला नाही, ना माझ्यापाशी, ना घरात कुणापाशी.

मग चालतं की नाही?

मी पंडित नाही. महाराजांना, माताजींना विचारून ज्याचं त्यानं ठरवावं. मला जे समजलं तेवढं सांगते.

चिकोरीबद्दल दोन मतं ऐकली आहेत. काही म्हणतात, आपण सुंठ आणि हळद खातो तसंच हे, वाळलेलं मूळ. रत्नकरंडातही ज्या वस्तू टाकायला सांगितल्या त्यात मुळा आहे, ओलं आलं आहे, लोणी आहे. आलं तिथं 'ओलं' म्हणूनच आलंय हे खरं. दुसरं मत असं की सुंठ, हळद औषधासारखी चिमूटभर लागते. चिकोरी मात्र नुसती कॉफी स्वस्त करायला घालतात, तिच्यावाचून आपलं काही अडत नाही. मला दुसरं पटलं. नुसती कॉफी मिळते, डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचायचे कष्ट फक्त घ्यावे लागतात.

विकतच्या आइस्क्रीमचंही तसंच. जिलेटिन हे जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात, अंडं असू शकतं. हिरव्या ठिपक्याचा नियम 2001 साली झाला, त्यामुळे आता निदान तेवढं कळतं. पण हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, जैन नव्हे. कंदमूळ, मध याबद्दल तो काही सांगत नाही. बाहेरच्या बर्फाचं तर विचारूच नका. खाण्याचा नसलेला बर्फ सरबतात जाऊ लागला म्हणून 2018 मध्ये महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग घालायची सक्ती करावी लागली. 'पाणी कुठलं?' हा आज्यांचा प्रश्न सरकारलाही शेवटी पडलाच की!

ज्यांचा बर्फाचा त्याग नाही, त्यांनी घरी करावी, विकत आणण्यापेक्षा ती बरी. माझी पद्धत अशी: एक लिटर म्हशीचं दूध सकाळी गाळून लगेच तापवायचं. जुनी मर्यादा दूध काढल्यापासून 48 मिनिटांत तापवायची आहे. पिशवीच्या दुधात ती पाळता येत नाही, ज्यांच्याकडे गवळी येतो त्यांनी पाळावी. मंद आचेवर ढवळत निम्म्याहून थोडं जास्त राहील इतकं आटवायचं. पाच मोठे चमचे साखर. साखर याहून फार वाढवू नये, जास्त साखरेनं कुल्फी घट्ट धरत नाही. पण अगदी कमीही नको, गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते. दूध खाली उतरवल्यावर दोन छोटे चमचे बिनचिकोरीची झटपट कॉफी थोड्या कोमट दुधात कालवून घालायची. उकळत्या दुधात घातली तर कडवटपणा येतो. चिमूटभर जायफळ, चार-पाच बदामांची भरड. निवलं की साच्यात भरून ठेवायचं. सहा-सात तास लागतात. म्हणून सकाळी आठच्या आत साचे भरावेत, दुपारी चारला तयार होतात आणि सूर्यास्ताच्या आत खाऊन संपतात. तापवलेल्या दुधाची मर्यादा 24 तास, ती फ्रिजमध्ये ठेवल्यानं वाढत नाही. आठवडाभराच्या कुल्फ्या एकदम करून ठेवायच्या नाहीत. चातुर्मासात मी साचे माळ्यावर टाकते.

आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. साचे भरायच्या आधी एक-दोन वाट्या मिश्रण बाहेर ठेवायचं. ज्यांचा त्याग आहे त्यांना ती कॉफीची बासुंदी द्यायची. हासनहून आल्यावर मी आत्याबाईंसाठी दर वेळी अशी वाटी काढायची. त्या मुलांच्या पंगतीत बसून चमच्यानं खायच्या. मुलं कुल्फी, त्या बासुंदी. गंमत म्हणजे नातवंडंच मग कुल्फी सोडून आजीच्या वाटीत चमचा घालायची. 2011 साली त्या गेल्या. वाटी काढायची सवय अजून आहे.

त्या दिवशी मंडळात सूनबाईंना कुणी विचारलं नसतं तर त्यांनी सांगितलं असतं का, हे मी घरी आल्यावर त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आई, मी डब्यावर चिठ्ठी लावली होती, बिनचिकोरीची कॉफी, आजचं दूध, गोठवलेलं आहे. कुणी वाचलीच नाही." मी उठून डबा पाहिला. चिठ्ठी खरंच होती.

तर भगिनींनो, खाणाऱ्यानं विचारावं आणि करणाऱ्यानं सगळं सांगावं, विचारलं त्यापेक्षा थोडं जास्तच. दुसऱ्याचा नियम आपल्या हातून मोडला तर त्याचा उपवास त्याला घडतो आणि ओझं आपल्याला.

 क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणतोच. या लेखात शास्त्राविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मी आजच म्हणून ठेवते.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.